दोन बटणांचं बेट

वादळात होडी फुटते आणि लिंक नावाचा मुलगा एका अनोळखी बेटाच्या किनाऱ्यावर बेशुद्ध होऊन पडतो. मारिन नावाची मुलगी त्याला घरी घेऊन येते. शुद्धीवर आल्यावर त्याला कळतं, की हे कोहोलिंट बेट. बेटावरच्या सगळ्यांत उंच डोंगराच्या माथ्यावर एक अवाढव्य अंडं आहे, त्या अंड्यात 'विंड फिश' झोपला आहे आणि तो जागा झाल्याशिवाय बेटावरून सुटका नाही. त्याला जागं करायचं तर आठ वाद्यं लागतात आणि ती आठ वेगवेगळ्या गुहांमध्ये आहेत. निन्टेन्डोने ६ जून १९९३ रोजी जपानमध्ये गेमबॉयसाठी काढलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' या खेळाची गोष्ट वरवर पाहता एवढीच.

हा खेळ आतून कसा चालतो ते सावकाश पाहू. पुढे गोष्टीचं गुपितही फुटणार आहे. गुपित तीस वर्षांहून जुनं आहे, त्यामुळे ज्यांना ते आधी कळायला नको असेल त्यांनी लेखाचा 'आता गुपित'पासूनचा शेवटचा भाग सोडून द्यावा.

आधी यंत्र. आपल्याकडे नव्वदच्या दशकात हातात धरायचा गेम म्हणजे बहुतेक घरांत ब्रिक गेम. वरून विटा पडायच्या, आपण त्या रचायच्या. गेमबॉय १९८९ चा. त्यात कार्ट्रिज बदललं की खेळ बदले, पण यंत्र म्हणून तोही गरीबच. चार पेन्सिल सेल, मागून उजेड नसलेला हिरवट पडदा आणि त्यावर फिक्यापासून काळपटापर्यंत फक्त चार छटा. पडदा १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच. ८ बिटचा प्रोसेसर, वेग सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ. कामाला ८ किलोबाइट मेमरी आणि चित्रांसाठी वेगळी ८ किलोबाइट. या खेळाचं कार्ट्रिज ५१२ किलोबाइटचं होतं. आजच्या मोबाइलने काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आता हिशेब करू. कोहोलिंट बेटाचा नकाशा १६ आडव्या आणि १६ उभ्या चौकटींचा आहे, म्हणजे एकूण २५६ चौकटी. एका वेळी पडद्यावर एकच चौकट दिसते. पडद्याच्या तळाशी १६ ठिपक्यांची पट्टी हार्ट, पैसे आणि हातातल्या वस्तू दाखवायला राखून ठेवलेली, म्हणून चौकटीसाठी १६० गुणिले १२८ ठिपके उरतात. चार छटांसाठी प्रत्येक ठिपक्याला दोन बिट लागतात. म्हणजे एका चौकटीचं चित्र ५,१२० बाइटचं आणि २५६ चौकटींचं १,२८० किलोबाइटचं. नुसत्या जमिनीच्या चित्रालाच कार्ट्रिजच्या अडीच पट जागा लागली असती. आठ गुहा, बेटावरची माणसं, त्यांचे संवाद, संगीत यांचा नंबर त्यानंतर.

म्हणून बेटाचं चित्र कार्ट्रिजमध्ये नाहीच. तिथे आहेत ८ गुणिले ८ ठिपक्यांचे लहान तुकडे, म्हणजे टाइल्स. एका टाइलला १६ बाइट. चार टाइल्स जोडल्या की १६ गुणिले १६ चं एक घर तयार होतं: गवत, दगड, खड्डा, जिना. एका चौकटीत अशी आडवी १० आणि उभी ८, मिळून ८० घरं. एकच गवत बेटभर शेकडो ठिकाणी वापरता येतं.

पण ही ८० घरंसुद्धा एकेक करून लिहिलेली नाहीत. विणकामाच्या पुस्तकात प्रत्येक टाका काढून दाखवलेला नसतो. 'दहा सुलट, दोन उलट' अशी ओळ असते आणि विणणारी ती वाचून स्वेटर उभा करते. इथेही तसंच. चौकटीच्या माहितीत सुरुवातीला एवढंच असतं, की आधी सगळीकडे अमुक जमीन पसरा. मग एकेक सूचना येते. एक बाइट जागा सांगतो, कितवी ओळ आणि कितवा स्तंभ. दुसरा बाइट तिथे काय ठेवायचं ते सांगतो. रांगच हवी असेल तर आणखी एक बाइट जोडून 'इथून उजवीकडे सात घरं हेच' असं म्हणता येतं. राहण्याचं अख्खं घर किंवा चार घरं व्यापणारं झाड एकाच खुणेत उभं राहतं. शेवटी 'संपलं' अशी खूण. बऱ्याचशा चौकटी अशा मूठभर सूचनांत मावतात.

लिंक चौकटीच्या कडेला पोहोचला की खेळ क्षणभर थांबतो, पुढची चौकट सरकत येते आणि पुन्हा हालचाल सुरू होते. गेमबॉयच्या चित्रमेमरीतली पाटी पडद्यापेक्षा मोठी असते, २५६ गुणिले २५६ ठिपक्यांची. पण तिच्यात दोन पूर्ण चौकटी शेजारी-शेजारी मावत नाहीत. म्हणून चित्र सरकत असतानाच नव्या चौकटीचे पट्टे एकामागून एक पाटीच्या न दिसणाऱ्या भागात लिहिले जातात. खेळणाऱ्याला वाटतं, की कॅमेरा सरकला. प्रत्यक्षात रस्ता पायाखाली येता येता बांधला जात असतो.

शत्रूंनाही यंत्राची मर्यादा पाळावी लागते. हलणारी प्रत्येक आकृती ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांची असते. पडद्यावर असे जास्तीत जास्त ४० तुकडे आणि एका आडव्या रेषेत फक्त १०. लिंक स्वतःच दोन तुकड्यांचा आहे. म्हणजे त्याच्या रेषेत त्याच्याएवढे आणखी चारच जण दिसू शकतात, पाचवा आला की कुणाचा तरी तुकडा गायब होणार. या खेळात शत्रूंच्या फौजा चालून येत नाहीत, दोघं-तिघं येतात, आणि प्रत्येकाला हरवायची युक्ती वेगळी असते. एखाद्याला ढालीने ढकलायचं, एखाद्याला उलटं पाडायचं, तर एखाद्याच्या नादीच लागायचं नाही.

बेटाला आठवण किती? तुम्ही कापलेलं गवत परत आलात की पुन्हा उभं असतं, कारण ते लक्षात ठेवायला जागा नाही. उघडलेली पेटी मात्र कायमची उघडी राहते. प्रत्येक चौकटीसाठी एक बाइट राखलेला आहे आणि त्यातला एकेक बिट एकेका गोष्टीचं 'हो' किंवा 'नाही' सांगतो: इथे येऊन गेलात का, पेटी उघडली का, भिंत फोडली का. संपूर्ण बेटाचा इतिहास २५६ बाइटमध्ये. तीच नोंद नकाशालाही लागते: जिथे पाय ठेवला ती चौकट उजळते, बाकीच्या अंधारात राहतात. खेळ बंद केल्यावर हे सगळं कार्ट्रिजमधली एक छोटी बॅटरी सांभाळते.

एक गफलतही सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातून यंत्राची शिवण दिसते. उजव्या कडेतून बाहेर पडल्यावर नव्या चौकटीत लिंकला डाव्या कडेला ठेवणं हे वेगळं काम आहे. पहिल्या आवृत्तीत नेमक्या सरकण्याच्या क्षणी सिलेक्ट दाबून नकाशा उघडला, तर चौकट बदले पण लिंकची जागा बदलायची राहून जाई. तो नव्या चौकटीतही उजव्याच कडेला उभा! मधला खड्डा, नदी, भिंत सगळं मागे. खेळणाऱ्यांनी या गफलतीच्या जोरावर बेट हवं तसं उभं-आडवं कापलं. १९९८ साली गेमबॉय कलरसाठी आलेल्या 'डीएक्स' आवृत्तीत ही फट बुजवली.

आता हाताकडे वळू. गेमबॉयवर खेळायला बटणं दोनच, ए आणि बी. याच मालिकेतल्या १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये तलवारीला स्वतःचं बटण होतं. इथे तशी चैन परवडणारी नव्हती, म्हणून तलवारसुद्धा इतर वस्तूंसारखी एक वस्तू झाली. कुठलीही वस्तू कुठल्याही बटणावर लावा. आणि इथेच गरिबीतून गंमत निघते, कारण दोन वस्तू एकत्र चालतात. पिसाने उडी मारता येते, बुटांनी धावता येतं. दोन्ही मिळून लांब उडी होते आणि एरवी ओलांडता न येणारा खड्डा पार होतो. बाँब आणि धनुष्य एकाच वेळी दाबलं की बाण जाऊन फुटतो. हे खेळ आपण होऊन शिकवत बसत नाही, बोटांना ते सापडतं.

तोटाही तितकाच खरा आहे. जड भांडं उचलायला मनगटी लावावी लागते. ती लावली की तलवार तरी जाते किंवा पीस तरी. मनगटी लावलेली नसताना दगडाला नुसता धक्का लागला, तरी 'हे जड आहे' अशा अर्थाची पाटी उघडते, प्रत्येक वेळी. शंभराव्या वेळीसुद्धा. या खेळाबद्दल मला वाटणारं सगळं कौतुक त्या पाटीपाशी येऊन थोडा वेळ बाजूला होतं.

वस्तू दुहेरी कामाच्या आहेत हे ध्यानात आलं, की साहसाचा सांगाडा दिसू लागतो. या जातीचा प्रत्येक खेळ कुलपं आणि किल्ल्यांचा असतो, फक्त कुलूप कुलपासारखं दिसू द्यायचं नाही ही त्यातली कारागिरी. पहिल्या गुहेचा रस्ता पाहा. टेल केव्हचं दार उघडायला शेपटीच्या आकाराची किल्ली हवी. ती गूढ जंगलातल्या पेटीत आहे. पण वाटेत एक रॅकून बसला आहे आणि तो आहे तोवर पुढे जाणारा माणूस जंगलात भरकटून मागेच येतो. रॅकूनवर जादूची पूड टाकायला हवी. पूड चेटकीण करून देते, पण तिला जंगलातली एक अळंबी आणून द्यावी लागते. अळंबी, पूड, रॅकून, पेटी, दार असे पाच टप्पे. पूड पडताच रॅकून गरगर फिरतो आणि त्यातून निघतो टारिन, ज्याच्या घरात तुम्ही शुद्धीवर आलात तोच! कुलूप उघडलं आणि सोबत एक विनोदही झाला.

दुसऱ्या गुहेचं कुलूप म्हणजे दलदलीतली फुलं. सुरुवातीच्या तलवारीला ती दाद देत नाहीत. किल्ली आहे गावातला साखळीचा कुत्रा बाऊवाऊ, म्हणजे 'मारिओ'च्या खेळांतला तोच दात विचकणारा लोखंडी गोळा. त्याला पळवून नेलेलं असतं. सोडवून आणलात की तो साखळीने तुमच्यासोबत फिरतो आणि फुलं गिळत सुटतो. किल्ली म्हणजे एक जनावर, ज्याला तुम्ही फिरायला नेलं आहे.

गुहांच्या आत हाच नियम अधिक घट्ट होतो. प्रत्येक गुहा एक नवी वस्तू देते, मग त्याच गुहेत तिचा सराव करून घेते, बहुतेकदा शेवटच्या राक्षसालाही तीच लागू पडते आणि बाहेर आल्यावर बेटाचा एक नवा कोपरा खुला होतो. पहिल्या गुहेतलं पीस घेऊन बाहेर पडा आणि नकाशा पाहा: कालपर्यंतचे खड्डे आता रस्ते झालेले असतात.

सातवी गुहा, ईगल्स टॉवर, ही मला सगळ्यांत जमलेली वाटते. तिथे एक लोखंडी गोळा आहे. तो उचलून एका खोलीतून दुसरीकडे न्यायचा आणि चार खांबांवर आपटायचा. गोळा हातात असताना दुसरं काही करता येत नाही. तो खाली ठेवा, शत्रूशी लढा, पुन्हा उचला, कठड्यापलीकडे फेका, वळसा घालून जा आणि परत उचला. चौथा खांब कोसळला की वरचा मजला खालच्या मजल्यावर येऊन बसतो, आणि नकाशाच बदलतो. सपाट चौकटींच्या यंत्रावर उंचीचा भास निर्माण करायचा तर तो असा.

मुख्य वाटेला समांतर एक अदलाबदलीची साखळी धावते. सुरुवात होते पंजाच्या यंत्रातून जिंकलेल्या योशीच्या बाहुलीने. बाहुली बाळाच्या आईला, तिने दिलेली रिबीन एका कुत्रीला, तिच्याकडचा खाऊचा डबा मगरीला, मगरीची केळी माकडांना. माकडं केळी खातात, पूल बांधतात आणि काठी टाकून जातात. काठीने मधाचं पोळं, पोळ्याचं अननस, अननसाचं जास्वंद, मग पत्र, झाडू, गळ, हार, जलपरीचं खवलं आणि शेवटी भिंग. चौदा वस्तू, आणि प्रत्येक देवघेवीत बेटावरच्या एका माणसाची किंवा प्राण्याची नड कळते. ही साखळी तुम्हाला बेटभर फिरवते आणि लोकांची ओळख करून देते. ओळख का करून द्यायची, ते शेवटी कळतं.

या माणसांचा उगमही गमतीदार आहे. खेळाची सुरुवात अधिकृत प्रकल्प म्हणून झालीच नव्हती. प्रोग्रॅमर काझुआकी मोरिता आणि काही सहकारी कामाची वेळ संपल्यावर हौसेने गेमबॉयवर झेल्डासारखं काहीतरी करून पाहत होते. पुढे ते रीतसर काम झालं, दिग्दर्शन ताकाशी तेझुका यांच्याकडे आलं. तेझुका यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा गाजत असलेली 'ट्विन पीक्स' ही अमेरिकी मालिका होती: लहान गाव, मोजकी माणसं आणि प्रत्येकजण थोडा संशयास्पद. पटकथेत योशिआकी कोइझुमी आणि केन्सुके तानाबे होते. झेल्डाच्या मालिकेतला हा खेळ, पण यात राजकन्या झेल्डा नाही आणि तिचं राज्यही नाही.

हौशी बाणा जागोजागी दिसतो. गावातल्या दुकानात वस्तू फळीवरून उचलून काउंटरवर न्यावी लागते आणि दुकानदाराची नजर तुमच्या मागे फिरते. पण ती फिरायला वेळ लागतो. त्याच्याभोवती झपाट्याने चकरा मारल्या आणि त्याची पाठ वळलेली असताना दार गाठलं, तर ९८० किमतीचं धनुष्य फुकट. त्यानंतर मात्र बेटावरची माणसं तुम्हाला तुमच्या नावाने नाही, 'थीफ' म्हणून हाक मारतात. आणि त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलंत, तर दुकानदार जागच्या जागी खलास करतो.

आता गुपित. पाच वाद्यं हाती आल्यावर, सहाव्या गुहेची किल्ली मिळवताना, एका जुन्या देवळात भिंतीवरचा लेख समोर येतो. त्याचा अर्थ असा: हे बेट खरं नाही. विंड फिशच्या स्वप्नात ते आहे. तो जागा झाला, की बेट, गाव, दुकानदार, माकडं, मारिन सगळं संपणार.

इथे खेळाची यंत्रणा आणि गोष्ट एकमेकांत अडकतात. एव्हाना खेळाने तुमच्या बोटांना एक सवय लावली आहे: किल्ली मिळाली की कुलूप उघडायचं. मारिनसोबत तुम्ही एका झोपाळू वॉलरसला उठवायला गेला आहात, तिचं गाणं ऐकलं आहे, समुद्रापलीकडे जायची तिची इच्छाही ऐकली आहे. साखळीतल्या प्रत्येकाची नड भागवली आहे. आणि उरलेली तीन वाद्यं आता जाणूनबुजून मिळवायची आहेत. खेळात 'नको, राहू दे' असं बटण नाही. बटणं दोनच आहेत. हवं तर तुम्ही गेमबॉय बंद करून ठेवू शकता, बेट जसंच्या तसं राहील, त्या बॅटरीच्या भरवशावर. पण खेळणारे सहसा तसं करत नाहीत. विंड फिशला जागं करू नका हे राक्षसांचं म्हणणं आपल्याला पटू लागलं आहे आणि तरी आपण त्यांना मारत आहोत, ही अडचण मोठमोठ्या खर्चाच्या कित्येक खेळांना साधलेली नाही.

आज खेळायचा तर दोन रस्ते आहेत. २० सप्टेंबर २०१९ रोजी निन्टेन्डो स्विचसाठी नव्याने बांधलेली आवृत्ती आली. तिच्यात बेट चौकटींत तुटत नाही, सलग सरकतं. तलवार, ढाल, बूट यांना स्वतःची बटणं मिळाली आणि मनगटीची ती पाटी एकदाची गेली. लहान मुलांना किंवा पहिल्यांदाच असा खेळ हातात धरणाऱ्यांना हीच द्यावी. पण यंत्र आणि गोष्ट एकमेकांना कशी धरून आहेत ते पाहायचं असेल, तर १९९८ ची 'डीएक्स' घ्यावी. तीही स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात मिळते.

खेळायला बसाल तेव्हा शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. भिंग मिळाल्यावर गावातल्या वाचनालयातलं बारीक अक्षरांचं पुस्तक वाचता येतं. अंड्याच्या आतल्या चक्रव्यूहात कुठे वळायचं ते त्यात लिहिलेलं आहे, आणि मित्राच्या खेळातला रस्ता तुमच्या खेळात चालेलच असं नाही. तो क्रम तिथल्या तिथे उतरवून घ्या. अंड्यात शिरल्यावर पुस्तक जवळ नसतं आणि एक वळण चुकलं तरी त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा येत राहतात.